आडवी रेघ

"टाच अजून आत घाला, मावशी. अजून थोडी. हां, आता हलू नका."

सत्यभामाबाई हलली नाही. मशीनच्या खोबणीत उजवा पाय घालून ती शाळेच्या खुर्चीवर फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसली होती. मशीन म्हणजे शिलाई मशीनएवढंच एक पांढरं खोकं. त्याच्यामागे बसलेली अनुश्री नावाची मुलगी नांदेडहून आली होती आणि सकाळपासून गावातल्या बायकांच्या टाचा तपासत होती. तिनं थंडगार जेली टाचेला लावली, ती सगळी भेगांत मुरली. पुन्हा लावली, तीही मुरली.

"केवढ्या भेगा आहेत या, मावशी."

"शेळ्यांमागं हिंडल्याच्या हायत. तुझी बाटली पुरायची न्हाई, पोरी."

रांगेतल्या बायका हसल्या. सत्यभामाबाई मात्र हसली नाही. बाकीच्या बायका आशाताई करुणानं दारोदार जाऊन बोलावलं म्हणून आल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतात, ती वेळीच तपासून घ्यावीत, फुकट आहे, असं ती सांगत फिरली होती. सत्यभामाबाईला हाडांची काडीची काळजी नव्हती. ती इथं शर्यत लावून आली होती.

झालं होतं असं. ज्येष्ठात नाल्यात घसरलेलं एक करडू तिनं वाकून उचललं आणि पाठीत काहीतरी कट् करून वाजलं. आठ दिवस अंथरूण सुटलं नाही. "उसण भरली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. पण लेकाला, प्रभूला, ते पटलं नाही. प्रभू सेनगावात बियाण्याच्या दुकानात कामाला होता, बायकोपोरीसह तिथंच राहत होता, आणि आईच्या बाबतीत त्याला आईसारखीच हट्टाची देणगी होती. "आता बास झालं," तो म्हणाला, "शेळ्या इकून टाकू."

अकरा शेळ्या होत्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती आली ती थेट मेंढरांमागं. पुढे मेंढरं गेली, चारणीची रानं सोयाबीनखाली गेली, सासू-सासरे गेले, पण सकाळी उठून जनावरांच्या वाड्याची काटेरी फाटी बाजूला सारायची आणि चार पायांच्या लेकुरवाळ्यांना घेऊन रानाची वाट धरायची, एवढं काही सुटलं नाही. त्यातल्या प्रत्येकीला नाव होतं आणि प्रत्येकीचा स्वभाव तिला सुनेच्या स्वभावापेक्षा जास्त ठाऊक होता. "शेळ्या गेल्यावर मी सकाळी उठून करू काय?" असं तिनं विचारलं. मग प्रभूनं तोड काढली. शाळेतल्या हाडांच्या शिबिरात जायचं. कागद चांगला आला तर तो पुन्हा शेळ्यांचं नाव काढणार नाही. वाईट आला तर बाजार.

"शब्द?" तिनं विचारलं होतं.

"शब्द. आन् तुझा?"

"माझा बी."

म्हणून ती इतकी ताठ बसली होती. पास व्हायचं होतं.

मशीननं पीं केलं. अनुश्रीनं टाच पुसायला कापूस दिला आणि तिला भिंतीला लावलेल्या पट्टीशी उभं केलं.

"एकशे त्रेचाळीस. मावशी, तरुणपणी उंची किती होती तुमची?"

"मानसाची उंची कोन मोजतं? लुगडं मोजत असतेत."

"वयानं कमी झाली का, ते बघायचं असतं."

"न्हाई झाली," सत्यभामाबाई ठामपणे म्हणाली. "मी रोज सकाळी आरशात बघून कुंकू लावते. कपाळ जिथल्या तिथं दिसतं. लुगडं तेवढं पायात येऊन राहिलं, पन ते दुकानदारच पन्हा वाढवून राहिलेत आजकाल."

"चार बोटं कमी झाली," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात तिचा नवरा रामकिशन उभा होता. हा माणूस चार बायकांसमोर कधी तोंड उघडत नसे. घरातही तो फारसा बोलत नसे, कारण बोलायचं खातं सत्यभामाबाईकडे होतं. आता बोलून गेल्यावर तो स्वतःच दचकल्यासारखा झाला आणि हातातल्या टोपीकडे पाहू लागला.

"तुमाला कुनी इचारलं?" सत्यभामाबाई म्हणाली. "ही एवढाली चार बोटं काय हवेत गेली का?"

अनुश्रीनं मात्र कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

कागद हातात पडला. अक्षर सत्यभामाबाईला येत नव्हतं, पण आकडे येत होते. मोबाइलनं शिकवले होते. तिनं कागद डोळ्यांपासून लांब धरला. तीन, ठिपका, एक. तिनाच्या आधी एक बारीक आडवी रेघ होती. ती तिला छपाईतली वाटली.

बाहेर लिंबाखाली शेजारची रूपाबाई बसली होती. रूपाबाई अंगानं भरलेली, क्विंटलभर ज्वारीचं पोतं एकटीनं सरकवणारी. पण आता तिचा चेहरा उतरला होता.

"तुला किती?" रूपाबाईनं विचारलं.

"तीन. वर एक. तुला?"

"शून्य," रूपाबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "शून्य, ठिपका, आठ. बाई, माझ्या हाडांत कायीच न्हाई का?"

सत्यभामाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मनातून इतकी सुखावली होती की तिला स्वतःचीच लाज वाटली. "रडू नको. तुला दूध कमी पडलं असंल. मी धाडत जाईन शेळीचं."

"मावशी, डॉक्टरांना दाखवून जा," आतून अनुश्रीनं हाक मारली. डॉक्टरांची रांग पार फाटकापर्यंत गेली होती. तीन आल्यावर डॉक्टरला काय दाखवायचं, असा विचार करून सत्यभामाबाईनं रामकिशनला खूण केली आणि घरची वाट धरली. शेळ्या सोडायच्या होत्या.

त्या संध्याकाळी तिनं प्रभूला फोन लावला. "तीन आले रे. मी इचारलं त्या समद्या बायकांत पयला नंबर. रूपी बिचारी शून्यावर गेली."

"खरंच?" प्रभू म्हणाला. आवाजात हार होती, पण सुटकाही होती. "मग बरं झालं, माय."

रामकिशन ओसरीवर दिव्याखाली तो कागद घेऊन बसला होता. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. त्यानं कागद जवळ धरला, लांब धरला, आकड्याआधीच्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग घडी करून खिशात ठेवला आणि काही बोलला नाही. तो बोलला नाही यात सत्यभामाबाईला नवल वाटलं नाही.

पुढचे तीन दिवस तिच्या आयुष्यातले फार चांगले गेले. रोज सकाळी तांब्याभर दूध घेऊन ती रूपाबाईकडे जाई, समोर बसून ते तिला प्यायला लावी आणि मग शेळ्या हाकत रानात जाई. पाठ दुखत होतीच, पण तिनाच्या हाडांना दुखण्याचा काय अधिकार, म्हणून ती तिकडे लक्ष देत नव्हती.

शनिवारी सकाळी करुणा आली. हातात वही, खांद्याला पिशवी. सत्यभामाबाई चहा ठेवायला उठली, तर करुणा म्हणाली, "चहा राहू द्या मावशी, आधी बसा. तुमी त्या दिवशी डॉक्टरला न भेटताच आलात. तुमचं नाव यादीत पयलं हाय."

"पयलंच राहणार. तीन आलेत."

करुणानं तिच्याकडे पाहिलं. मग रामकिशननं खिशातून काढून पुढे केलेला कागद घेतला, सत्यभामाबाईच्या शेजारी बसली आणि आकड्याआधीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"मावशी, ही रेघ दिसते का?"

"दिसते. छापताना उमटली असंल."

"न्हाई. ही उण्याची खूण हाय. उणे तीन. म्हंजे शून्याच्या खाली तीन. उण्याचा जेवढा आकडा मोठा तेवढं हाड ठिसूळ. रूपामावशीचं बरं हाय. तुमचं न्हाई."

सत्यभामाबाईला उणे म्हणजे काय ते शाळेतलं कळत नव्हतं. पण उणं हा शब्द तिला चांगला ठाऊक होता. अठ्ठेचाळीस वर्षं ती त्या शब्दाच्या विरुद्ध उभी होती. भाकरीत उणं नको, पाहुण्याच्या ताटात उणं नको, जित्राबाच्या पाण्यात उणं नको. सासू कजाग होती, पण मरताना तीसुद्धा म्हणाली होती, सत्यभामे, तुझ्यात उणं काढायला जागा ठेवली न्हाईस. आणि आता एका खोक्यानं टाच चाचपून ते काढलं.

"माझ्यात काय उणं हाय?" ती म्हणाली. आवाज चढला होता. "आडवी रेघ म्हंजे उणं व्हय? मग ही माझ्या कपाळावर बी आडवी रेघच हाय. अठ्ठेचाळीस साल झाले लावून राहिले. ती बी उणीच का?"

करुणानं तिच्या कपाळाकडे पाहिलं. सत्यभामाबाई कपाळावर पूर्वीच्या बायकांसारखी कुंकवाची आडवी चिरी लावत असे, आणि ती खरोखरच कागदावरच्या रेघेसारखी दिसत होती.

"कुंकवाचं न्हाई म्हणत मी, मावशी. हाडांचं म्हणते. उंची बी कमी झाली तुमची. पाठीत कट् वाजलं ती उसण नसंल. मणका दबला असंल."

"उंचीचं तर तू बोलूच नको. ये इकडं, दाखवते."

ओसरीच्या मधल्या लाकडी खांबावर एक चौकोनी आरसा टांगलेला होता. लग्नात माहेराहून आलेला, एका कोपऱ्यात पारा उडालेला. सत्यभामाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आरशात तिचं कपाळ बरोबर मधोमध दिसत होतं आणि कपाळाच्या मधोमध ती लाल चिरी.

"बघ. लगीन होऊन आले तवा बी असंच दिसायचं. आता बी असंच. आरसा काहून खोटं बोलंल?"

करुणा हरली. डोळ्यांनी दिसत होतं त्याला ती तरी काय करणार. "बरं, मावशी," ती म्हणाली, "मशीन चुकलं असंल तर हिंगोलीचे डॉक्टर सांगतीलच. येत्या मंगळवारी मी घेऊन जाते तुमाला. तारखेवर खूण करून ठेवते, म्हंजे इसरणार न्हाई."

आरशाच्या वर एक कॅलेंडर होतं. प्रभू दरवर्षी दुकानातून आणत असे, वर नागनाथाच्या देवळाचं चित्र असलेलं. खूण करायला सोपं जावं म्हणून करुणानं हात वर करून ते खिळ्यावरून काढलं.

"राहू दे ते," रामकिशन एकदम म्हणाला. पण ते तोवर निघालं होतं.

कॅलेंडरमागे खांबावर चार भोकं होती. एकाखाली एक, बोटबोटभर अंतरावर, आरशाच्या खिळ्यापर्यंत उतरत आलेली. चारही मेणानं बुजवलेली. कुंकवाखाली लावायचं ते मेण. वर्षभर पुरणारी डबी यंदा लवकर कशी संपली, याचा सत्यभामाबाईनं सणाला आलेल्या सुनेवर उगाच संशय घेतला होता.

करुणा कॅलेंडर हातात धरून तशीच उभी राहिली. सत्यभामाबाईनं सगळ्यात वरच्या भोकावर बोट ठेवलं. हात खांद्याच्या वर न्यावा लागला. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. मोजायला काय, चार बोटंच होती.

"हे कवा?" तिनं न वळता विचारलं.

रामकिशन ओसरीच्या कडेला दोर वळत बसला होता. हात थांबले होते. "पयलं, आपल्या प्रभूची रागिणी झाली तवा. तू आरशापुढं टाचा उचलून उभी राहून राहिली होतीस. रोजच. तुला ध्यानात नव्हतं. मला बरं वाटलं न्हाई बघून."

"आन् बाकीचे?"

"एक टाळेबंदीच्या साली. एक दोन सालांमागं. आन् हा शेवटचा, आवंदा तू उसणीतून उठलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हंजे तवापासून तुमाला ठाव व्हतं. आन् मी साऱ्या शाळेत सांगून आले, कपाळ जिथल्या तिथं हाय म्हनून."

"तिथं मी बोललो न्हाई व्हय? तिथं बोलावंच लागलं. ते औषध देनार होते."

"मला सांगायला काय झालं व्हतं?"

रामकिशननं हातातल्या दोराचा एक पीळ घट्ट केला. "सांगून तू वाढली असतीस का?" तो म्हणाला. "नुसती खट्टू झाली असतीस."

सत्यभामाबाईला रागवायचं होतं. शब्दही तयार होते, तिचे कधी कमी पडत नसत. पण तिला दिसला तो पहाटे, ती दूध काढायला गेल्यावर, घाईघाईनं खिळा उपटणारा, एक बोट मोजून पुन्हा ठोकणारा, आवाज होऊ नये म्हणून फडक्यावरून ठोकणारा आपला नवरा. अकरा वर्षांत चार वेळा. ती पदर तोंडाशी नेऊन रडली. करुणानं उगाच कॅलेंडरवरच्या मंगळवाराभोवती तीनतीनदा गोल काढला.

मंगळवारी हिंगोलीत पाठीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरून एक मणका दाखवला. बाकीच्यांमध्ये तो चेपलेल्या डब्यासारखा दिसत होता. पुढे नांदेडला मोठ्या मशीनवर पुन्हा तपासायचं ठरलं, आणि गोळ्या लगेच सुरू झाल्या. चालायचं, असं डॉक्टर म्हणाले, रोज चालायचं, ते हाडांना चांगलंच. पण वाकून उचलायचं नाही. करडू नाही, हंडा नाही, पेंढीसुद्धा नाही.

एसटीतून उतरल्या उतरल्या तिनं स्वतः प्रभूला फोन लावला. रामकिशन म्हणाला, सावकाश सांग, घाई काय हाय. तिनं ऐकलं नाही.

"प्रभू, ते तीन नव्हते रे. उणे तीन हायत. कागद वाईट हाय. आयतवारी गाडी घेऊन ये."

मग प्रभू म्हणाला, "माय, मी रागात बोललो व्हतो तवा."

"मी रागात बोलले नव्हते. शब्द दिलाय."

रविवारी प्रभू पिकअप घेऊन आला. आखाडा बाळापूरचा एक ओळखीचा माणूस शेळ्या पाळायला घेणार होता, कापायला नाही, तेवढं त्यानं पाहिलं होतं. सत्यभामाबाईनं एकेकीचं नाव घेऊन तिला फळीपर्यंत आणलं. उचलायला तिला कोणी हात लावू दिला नाही, बापलेकांनी चढवल्या. कोणती शिंग मारते, कोणती पाणी पिताना बुजते, कोणतीचं दूध डाव्या सडाला कमी येतं, हे सगळं तिनं प्रभूला दोनदा सांगितलं आणि परत म्हणवून घेतलं. नऊ चढल्या. मग प्रभूनं फळी वर करून कडी लावली.

"आन् ह्या दोघी?" तिनं विचारलं.

"गाडीत जागा न्हाई," प्रभू म्हणाला.

गाडीत आणखी एक बैल सहज मावला असता. सत्यभामाबाईनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं. तो तिच्या नजरेला नजर न देता टायर तपासत होता.

"बापावर गेलास," ती म्हणाली, आणि दोघींची दावी हातात घेऊन मागे सरली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आठवड्याची गोळी सोमवारी घ्यायची ठरली होती, कारण उपाशीपोटी घ्यायची होती आणि सोमवारी नागनाथाचा उपास असल्यानं ती पहाटे चहासुद्धा घेत नसे. पेलाभर पाण्याबरोबर तिनं गोळी गिळली. आता अर्धा तास आडवं व्हायचं नव्हतं, वाकायचं नव्हतं. एरवी या वेळेला ती वाड्याची फाटी सारत असायची. आज दोन शेळ्या अंगणातल्या उंबराच्या झाडाला बांधलेल्या होत्या आणि त्यांना घाई नव्हती.

ती ओसरीवर खांबाशी येऊन उभी राहिली.

"अवो, तो खिळा काढा."

"अजून खाली?" रामकिशननं काळजीनं विचारलं.

"न्हाई. पयल्या ठिकानी लावा. व्हता तिथं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग उठला, खिळा उपटला, बाभळीच्या काट्यानं वरच्या भोकातलं मेण कोरून काढलं आणि खिळा ठोकला. या वेळी फडकं घेतलं नाही. आवाज अंगणभर गेला. आरसा टांगून तो बाजूला झाला.

सत्यभामाबाईनं वर पाहिलं. आरशात पांढरा भांग दिसत होता आणि त्याच्यामागे घराचे वासे. कपाळ नव्हतं. ती काही वेळ तेवढंच पाहत राहिली. टाचा तिनं उचलल्या नाहीत. मग मेणाचं बोट कपाळावरून फिरवलं, कुंकवाची डबी उघडली आणि न पाहता, डावीकडून उजवीकडे, सावकाश रेघ ओढली.

"बराबर हाय का?" तिनं विचारलं. "आता खरं सांगा."

रामकिशन जवळ आला. डोळे बारीक करून त्यानं तिचं कपाळ पाहिलं. रेघ उजव्या टोकाला किंचित खाली उतरली होती. त्यानं अंगठा धोतराला पुसला, तेवढं टोक पुसून काढलं आणि बोटानं ते सरळ केलं.

"आता बराबर हाय," तो म्हणाला.

अर्धा तास व्हायला अजून बराच वेळ होता. ती ताठ उभी राहिली, आणि तोही तिच्यासोबत उभा राहिला.